भाऊजींचे बुजरे मासे

अगं ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझं अर्धं राहून जाईल. भाऊजींच्या दारात मी उभी, हातात माशांची पिशवी, आणि ते विचारतायत, "हे चावत नाहीत ना?" माणूस वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, अंधाऱ्या खड्ड्यात उतरतो, आणि बोटाएवढ्या माशाला घाबरतोय. ताई असती तर हसून लोळली असती. आम्ही दोघंही हसलो नाही. ताईला जाऊन सात महिने झाले ना, तेव्हापासून त्या घरात असंच आहे. कुणी रडत नाही, कुणी हसत नाही. फ्रीज चालू आहे, पंखा चालू आहे, भाऊजी चालू आहेत.

मीच मागे लागले होते. माशांच्या दुकानात कामाला आहे मी, म्हटलं घरात काहीतरी हलतं राहील. टाकी आणली, दगड रचले, झाडं लावली, आणि दुकानातली सगळी अक्कल पाजळली. पिशवी आधी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग टाकीतलं पाणी थोडं थोडं तिच्यात घालायचं. पहिल्या दिवशी खाणं नाही, दिवा नाही. काचेवर टकटक तर अजिबात नाही.

भाऊजी परीक्षेला बसल्यासारखे ऐकत होते. "आणि दिसलेच नाहीत तर?"

"नाहीच दिसणार. बुजरे आहेत. तुम्ही नुसते समोर बसून राहा. तुमची सवय झाली की येतील बाहेर."

"बसून राहणं जमेल मला," म्हणाले.

चार मासे सोडले. चारही सर्रकन दगडामागे. झाकण लावताना पंपाच्या नळीपाशी दोन बोटं फट राहत होती. भाऊजींच्या नजरेतून ती सुटते होय! "इथे पत्रा कापून बसवू का?"

मी म्हटलं, "राहू द्या हो, एवढं चालतं."

नाही चालत गं. नवा मासा बिचकला की उडी मारतो, हे मी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते.

मग रोज फोन. सात महिन्यांत स्वतःहून कुणाला फोन न केलेला माणूस. "आज अर्धा तास बसलो. नाही आले." दुसऱ्या दिवशी, "तासभर बसलो. टीव्ही बंदच ठेवला." तिसऱ्या दिवशी, "बूट दाराबाहेरच काढतो आता, आवाज होतो."

सहाव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. भाऊजी चहा टाकायला आत गेले, पंप घरघरत होता म्हणून मी टाकीच्या स्टँडच्या मागे वाकले. भिंतीलगत चारही मासे पडलेले. वाळून पेन्सिलीच्या सालपटांसारखे झाले होते, म्हणजे पहिल्याच दिवशी गेले असणार. मला काहीच वाटलं नाही, खरं सांगते. उचलले, रुमालात गुंडाळले, पर्समध्ये ठेवले. दवाखान्यातही माझं असंच झालं होतं. ताईचा चष्मा, चार्जर, चपला, सगळं नीट पिशवीत भरलं होतं मी.

भाऊजी अनवाणी आले. कप असा ठेवला की आवाजच नाही. मग हळूच म्हणाले, "तुला फोनवर सांगितलं नाही. काल एक आला होता बाहेर."

मी पर्सची चेन ओढून घेतली.

"त्या डाव्या दगडामागून. अर्धाच. मी श्वाससुद्धा घेतला नाही. माझ्याकडे बघितलं आणि गेला परत." खुर्ची न ओढता उचलून आणली त्यांनी माझ्यासाठी. "बस. दोघं असलो तर लाजतील थोडे, पण येतील."

बसले. पर्स मांडीवर. समोर नुसतं पाणी आणि झाडं. मी चहाचा घोट घेतला तर म्हणाले, "हळू पी."

अगं, दुकानात तसेच मासे आहेत अजून. घराची किल्ली आहे माझ्याकडे, भाऊजी कामावर असताना चार सोडून, ती फट बुजवून येता येईल. नाहीतर तिथेच रुमाल उघडायचा त्यांच्यासमोर, आणि म्हणायचं, माझं चुकलं. ते पाण्याकडे बघत होते, हात मांडीवर, एकदम स्थिर. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?