चार्ज, म्हणजे गाडी भरणे

शिपायानं सुरीनं बोऱ्याची शिवण उसवली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि एक खडा काढून साहेबाच्या टेबलावर ठेवला. मग दुसरा. मग रुईचा एक बुचका, ओलसर आणि आंबूस वासाचा.

अमरावतीच्या कापूस बाजारात, तपासणीच्या तंबूपुढं उभ्या असलेल्या नत्थुजीच्या तोंडचं पाणी पळालं. काल पहाटे नांदगाव खंडेश्वराहून गाडी जुंपून निघालेला हा शेतकरी. अमेरिकेत लढाई पेटून तिकडची रुई विलायतेला जायची थांबल्यापासून वऱ्हाडातल्या रुईला सोन्याचं मोल आलं होतं, आणि लबाडीलाही ऊत आला होता. वजन वाढवायला कुणी बोऱ्यात दगड भरी, कुणी पाणी मारी. म्हणून नवा हुकूम निघाला होता. लबाडी सापडली की सगळी गाडी जाळायची आणि धनी सहा महिने तुरुंगात. सकाळीच एकाची गाडी पेटवली होती, तिची राख अजून धुमसत होती. नत्थुजीच्या बोऱ्यात तर दगडही निघाले आणि ओलही. झालं, संपलंच की सगळं!

साहेब इंग्रजीत चार शब्द बोलला. त्यातला एक शब्द दुभाष्या चिंतामणपंताच्या चांगलाच ओळखीचा होता: चार्ज.

चिंतामण अकोल्याचा. शेवटची पानं फाटलेल्या एका कोशावर त्यानं इंग्रजी कमावलं होतं, आणि त्याला शब्दांचं खूळ होतं. एकेका शब्दाला वहीचं एक पान. ‘चार्ज’चं पान तर काठोकाठ भरलेलं. मालाची आकारणी तो चार्ज, बंदुकीत ठासलेला बार तो चार्ज, कुणाच्या ताब्यात काही सोपवलं तर तोही चार्ज, आणि माणसावरचा आळ तोही. एवढे अर्थ आले कुठून म्हणून मूळ शोधलं तर निघाली चक्क गाडी! फार जुन्या काळी या शब्दाचा अर्थ होता गाडीत ओझं भरणं. पुढं जे जे कुणावर लादलं, त्या सगळ्याला तोच शब्द चिकटला. त्या दिवशी स्वारी भलतीच खूश होती. आज मात्र तोच शब्द या गाडीवाल्यावर लादला जात होता.

“नत्थुजी, वजन वाढवल्याचा आळ आहे तुमच्यावर. कबूल आहे?”

“नाई जी! आमी कायले दगड टाकू?”

“बोरा कुणी भरला?”

नत्थुजीनं गाडीकडं पाहिलं. अंबादेवीच्या दर्शनासाठी म्हणून आलेली त्याची बायको मनकर्णा जुवाशी उभी होती. हिवाळाभर चरकीवर बसून सरकी तिनंच काढली होती. बोरेही तिनंच भरले होते.

“म्या भरला,” नत्थुजी म्हणाला. “म्याच.”

“खोटं बोलून राहिले ते.” मनकर्णा पुढं आली. “बोरा म्या भरला. खडेबी म्याच टाकले.”

गर्दीत कुजबूज झाली. चिंतामण तिच्याकडं वळला.

“बाई, जपून बोला. मी जसंच्या तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.”

हे खरंच होतं. त्याच्या आधीचा दुभाष्या एका खोट्या सहीपायी घरी बसला होता.

“मंग जसंच्या तसंच सांगा नं! पाच खडे हायेत, आमच्या वावरातले. दोन निघाले, तीन अंदर हायेत. खोबऱ्याची वाटी हाये, हयकुंड हाये, सुपारी हाये. ओल हाये ते दह्याची. ओटी हाये ते.”

“कुणाची ओटी?”

“रुईची. समुद्रापलीकडं चालली ते. सासरी जाणाऱ्या पोरीले तुमी रित्या ओटीनं धाडता का? दह्याचं बोट लावलं, वावरातले खडे देल्ले. माहेर याद राहावं म्हणून.”

ओटीला इंग्रजीत शब्द सापडेना. चिंतामणनं पाच-सात वाक्यं खर्ची घातली. साहेबानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, प्रत्येक चोराजवळ एक गोष्ट असतेच. बोरा रिता करा. बाई म्हणते तेच आणि तेवढंच निघालं तर बघू. नाहीतर दोघंही आत.

ताडपत्री अंथरली. शिपाई मुठी मुठीनं रुई उपसू लागला. तिसरा खडा निघाला, मग चौथा. हळकुंड आणि सुपारी. खोबऱ्याची वाटी. पाचवा खडा काही सापडेना. नत्थुजीचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावा. अगदी तळाशी पाचवा खडा लागला तेव्हा चिंतामणनंच मोठ्यानं श्वास सोडला.

“पाच,” तो साहेबाला म्हणाला.

पण शिपायाचा हात अजून आतच होता. त्यानं मूठ बाहेर काढली, उघडली. लहान पोरीच्या पायातला चांदीचा वाळा.

साहेब खुर्चीतून उठला. वजन वाढवायला चांदी कोण घालतं, त्यानं विचारलं.

“हा त वेणूचा,” नत्थुजी म्हणाला.

वेणू त्यांची एकुलती एक. आठव्या वर्षी लग्न झालेलं, सासरी धाडायचा दिवसही ठरलेला. त्याच्या चार दिवस आधी देवीच्या साथीत गेली. याला तीन वर्षं झाली.

“काहून वं? मले सांगतलं नाई.”

“तुमी टाकू देल्ला नसता.” मनकर्णा खाली बघत होती. “तिची ओटी भराची राह्यली होती जी.”

काय म्हणाली ती, साहेबानं विचारलं.

“घरचं बोलणं आहे, साहेब,” चिंतामण म्हणाला. आजवर त्यानं शिव्यासुद्धा गाळल्या नव्हत्या.

साहेबानं कागदावर आडवी रेघ मारली. आळ मागे घेतला. पण हुकूम तो हुकूम. बोऱ्यात रुईशिवाय कणभरही काही राहता कामा नये. ही गाडी आता तुझ्या चार्जमध्ये, तो चिंतामणला म्हणाला. समोर शिवून घे, तसं लिहून सही कर. आणि तो तंबूत गेला.

शिपायानं रुई पुन्हा ठासून भरली. मनकर्णानं खडे, खोबरं, सगळं पदरात बांधलं. वाळा मात्र तिच्या तळहातावरच राहिला.

“घ्या बाई, तोही बांधा.”

“पंत, बाकीचं सारं वापस नेतो. हा जाऊ द्या नं.”

“चाल,” नत्थुजी म्हणाला. “पंताची नोकरी जाईन.”

ती हलली नाही. चिंतामणनं राखेकडं पाहिलं, तंबूकडं पाहिलं. मग त्यानं शिपायाला सुईदोरा आणायला पिटाळलं, गाडीकडं पाठ केली आणि कागद मांडीवर घेतला. ‘या बोऱ्यात रुईशिवाय काहीही नाही.’ एवढंसं वाक्य, पण त्यानं टाक चार वेळा शाईत बुडवला.

वळला तेव्हा मनकर्णाचा हात रिकामा होता. बोऱ्याशी नत्थुजी उभा होता. त्याच्या बाहीला कोपरापर्यंत रुई चिकटली होती.

चिंतामणनं सही केली. शिपाई सुई घेऊन आला.

“टाके जवळजवळ घाल रे,” चिंतामण त्याला म्हणाला. “लांब जायचंय.”