ठमीचा रोखलेला श्वास

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरली की श्वास रोखतात, कारण जरा फुंकर लागली तर ती गेलीच. या धंद्याने त्यांची जीभही चिमट्यात धरली. तीस वर्षांच्या संसारात भांडणाची सगळी वाक्यं मलाच म्हणावी लागली, त्यांच्या वाटणीचीसुद्धा.

लेक पुन्हा कामावर जाऊ लागली आणि माझाही शिवणाचा कारखाना सुटत नव्हता, म्हणून पाच महिन्यांची नात दिवसभर दुकानात, आजोबांच्या टेबलाशेजारी. ठमी मोठी गुणाची. रडणं नाही, किरकिर नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय शहाणं बाळ!" आम्ही फुलून जायचो.

दहावा महिना सरला तरी ठमीचं "बा" नाही की "दा" नाही. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, हिच्या डोक्यात काही कमी तर नसेल ना गं?" हे ती भांडी विसळता विसळता विचारायची, माझ्याकडे न बघता.

शेवटी सगळे दवाखान्यात गेलो. कान तपासले, उत्तम निघाले. डॉक्टरबाई खुळखुळा काढू लागल्या, तोच ठमीने ओठ आवळले, एक डोळा बारीक केला आणि श्वास धरून ठेवला.

"बघा, बघा!" लेक ओरडली. "ही अधूनमधून असंच करते!"

मला मात्र खुदकन हसू फुटलं. जेवायला हाका मारमारून हाच चेहरा मी तीस वर्षं बघत आले होते. "अगं, हे तर तुझे बाबा स्प्रिंग बसवताहेत!"

डॉक्टरबाईंनाही हसू आलं. "डोकं लख्ख आहे हो हिचं. समोर जे दिसलं ते शिकली. बाळाच्या मेंदूत रोज नव्या वाटा पडतात. ज्यांवर ये-जा असते त्या पक्क्या होतात. हिने हूं केलं की कोणीतरी उलट हूं करायला हवं. महिन्याने पुन्हा आणा, तेव्हा बघू."

ह्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे?"

"आजोबा, टक लावून बघावं असं माणूस तिला दिवसभर मिळालं, तेही तुमच्यामुळेच. आता फक्त बोला. आणि उत्तराची वाट बघा."

पण बोलायचं काय? ह्यांना येतं तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन गेले, तर आतून आवाज, "या, बसा. कधी बंद पडलं? पाण्यात पडलं होतं का?" एवढ्याशा ठमीला अहोजाहो! विचारून झालं की थांबायचे. थांबणं त्यांना मुळातच जमतं.

तिसऱ्या आठवड्यात अशीच मी डबा घेऊन गेले. चिमट्यात स्प्रिंग, श्वास बंद, दुकान चिडीचूप. आणि टेबलाशेजारून आलं, "बा-बा-बा-बा!"

"अस्सं? आणि मग?" हे एवढ्या जोरात म्हणाले की स्प्रिंग उडाली, ती आजतागायत सापडलेली नाही.

मी लगेच लेकीला फोन लावला. ठमी अर्थातच गप्प.

"आई, असली चेष्टा नको गं," लेक म्हणाली. आवाज ओला होता.

ह्यांनी फोन माझ्या हातून घेतला, ठमीपुढे धरला आणि आदबीने विचारलं, "कधीपासून बंद होतं म्हणालात?"

"बा-बा-बा!"

पलीकडून काहीच ऐकू येईना. श्वास रोखून बसली असणार. बापाचीच लेक ती.