दूध हुंगणारा माणूस

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, भर दुपारी तीन वाजता, मला आंबट बिअर प्यायला ओढून नेलं ते शार्दूलने. शार्दूल माझा शाळेपासूनचा मित्र, नवा रायपूरला सरकारी कचेरीत असतो. दोन वर्षांपूर्वी ऑफिसने त्याला तीन महिने बेल्जियमला पाठवलं, आणि तेव्हापासून हा गडी पाणीसुद्धा ग्लास फिरवून पितो. रायपुरातल्या एका बारमध्ये बेल्जियमच्या आंबट बिअर चाखायला ठेवल्यात हे कळल्यावर त्याने टेबलच धरून टाकलं. "नरेंद्र पाहिजेच," म्हणे. "रायपुरात असं नाक दुसरं नाही."

हे नाक सात महिन्यांपूर्वीच गेलं होतं. एका साध्या तापात वास गेला तो परत आला नाही. डॉक्टर सोडून मी कोणालाही सांगितलं नाही, कारण माझी नोकरीच नाकाची. रायपूरच्या उरला औद्योगिक भागात आमची डेअरी आहे, तिथे सकाळी गावोगावचे दुधाचे कॅन येतात. प्रत्येक कॅनचं झाकण काढून हुंगायचं आणि "चालेल" किंवा "परत" म्हणायचं, हे माझं काम. फॅट आणि आंबटपणा लॅबमध्ये कळतो. डिझेल, रॉकेल मात्र नाकालाच कळतं. सात महिने मी झाकण नाकाशी नेत होतो, चेहरा गंभीर करत होतो आणि अंदाजपंचे "चालेल" म्हणत होतो. उद्या येईल वास, परवा येईल, असं करता करता.

आणि त्यात आमच्या टँकरवाल्या खिलावनची नोकरी गेली. मे महिन्यात त्याच्या टँकरमधून भिलाईला गेलेलं दूध डिझेलच्या वासामुळे परत आलं. साहेबांनी मला विचारलं, आणि मी सांगितलं, माझ्यासमोरून गेलं तेव्हा दूध चोख होतं. माझ्या नाकावर कोण शंका घेणार? मग डिझेल टँकरमध्येच मिसळलं असं ठरलं, आणि अकरा वर्षं टँकर चालवणारा माणूस आठवड्याभरात घरी बसला. तो रिपोर्ट लॅबमधल्या यामिनीने लिहिला, माझ्या शब्दावर. ती यामिनी आज शार्दूलच्या बोलावण्यावरून आमच्याच टेबलाशी, माझ्या शेजारी बसली होती.

पहिली बिअर आली. शार्दूलने ग्लासात नाक घातलं आणि डोळे मिटले. "घोड्याचा तबेला," तो म्हणाला. "आणि मागून लिंबाची साल."

"तबेलाच हुंगायचा होता तर इतक्या दूर काहून आणलं, भाऊ?" यामिनी म्हणाली.

मी घोट घेतला आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. आंबट. आंबट जिभेला कळतं, त्याला नाक लागत नाही. सात महिने भाजी आणि पुठ्ठा मला सारखाच लागत होता, आणि आज काहीतरी आत पोचलं होतं. रात्रभर भिजवलेल्या भाताचं, इथल्या बासीचं पाणी उन्हाळ्यात प्यावं, तसं वाटलं. मी इतका खूश झालो की बोलतच सुटलो, आणि त्या खुशीनेच घात केला.

दुसरी बिअर लाल होती. डोळ्यांनी चेरी सांगायला काय जातं? "चेरी," मी म्हणालो, "पण गराची नाही, बियांची." शार्दूलने मान डोलावली. तिसरी मी अर्धी संपवली आणि नाक वर करून म्हणालो, "ही सगळ्यात स्वच्छ. ओल्या मातीचा वास आहे. आज हीच खरी."

"मले तं मातीचा नाई आला. पाहू," म्हणत यामिनीने माझा ग्लास उचलला. तोंडाशी नेला आणि तिथेच थांबली. मग तिने आपला ग्लास हुंगला, शार्दूलचा हुंगला, पुन्हा माझा.

"यांच्या ग्लासाले फिनाईलचा वास येऊन राहिला," ती म्हणाली. "फरशीच्या फडक्यानं पुसला असन कोणी."

शार्दूलने ग्लास नाकाशी नेला आणि झटकन लांब धरला. "अबे, अर्धा पिला तू हा?" असं म्हणून तो तणतणत काउंटरकडे गेला.

यामिनी जागची हलली नाही. लॅबमध्ये एखादं रीडिंग चुकलं की ती जशी बघते, तशी माझ्याकडे बघत होती.

"भाऊ, कधीपासून?"

थट्टेवारी न्यायची चार वाक्यं तोंडात आली होती. ती गिळून मी म्हणालो, "सात महिने."

"म्हणजे मे महिन्यात..."

"हो."

"खिलावनचा रिपोर्ट मी लिहिला," ती हळू म्हणाली. "तुमी सांगतलं म्हणून कॅनचे सॅम्पल पण नाई पाहिले. काहून नाई बोलले मले?"

"लाज वाटली."

हे खरं होतं, पण अर्धंच. लाजेपेक्षा भीती मोठी होती. नाक नसलं तर त्या डेअरीत मला कोण विचारतो? माझी ऐट राहावी म्हणून मी दुसऱ्याच्या चुलीत पाणी ओतलं होतं, आणि वर सहा महिने सुखाने झोपलो होतो.

"उद्या साहेबांना सांगतो," मी म्हणालो.

"साहेबाले उद्या सांगा. खिलावनले आज." तिने नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्यापुढे ठेवला.

खिलावनने लगेच उचलला. "हव, यामिनी दीदी. ड्यूटी पे बुला रहे हो क्या?"

यामिनीने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"खिलावन, मैं नरेंद्र बोल रहा हूँ."

"नमस्ते साहब." त्याचा आवाज खाली आला. "साहब, मैंने बहुत सोचा. टँकर तो धोया था. पर आपकी नाक ने बोल दिया, तो मुझसे ही कुछ हुआ होगा. माफी दे दो."

तो माझी माफी मागत होता. मला स्वतःची इतकी किळस कधी वाटली नव्हती.

"तेरी गलती नहीं थी," मी म्हणालो. "मुझे सात महीने से बास नहीं आती. दूध मैंने बिना सूंघे पास किया था."

त्याने पलीकडे टीव्ही बंद केला असावा, मागचा गलका थांबला.

"साहब," तो म्हणाला, "घरवाली यहीं बैठी है. इसको लगता है मैं टँकर का डीजल चुराता था. छह महीने से ठीक से बोलती नहीं. ये बात आप इसको बोल दो."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला, बांगड्या वाजल्या. "बोलिए," त्याची बायको म्हणाली, आणि मी बोलायची वाट बघत राहिली.