सगळ्यात उशीर किती?

आमच्या कानिफशेठना घाई फार. अक्षता पडायच्या आधी पंगतीत बसणारा माणूस. त्यांच्या नगरच्या वर्कशॉपात चारा कापायचं कुट्टी मशीन बनतं आणि त्याचा प्रोग्रॅम मी, दिपाली, लिहिते. हात पात्याजवळ गेला की सेन्सरला कळतं, प्रोग्रॅम ब्रेकला हुकूम देतो, पातं थांबतं. सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातल्या पन्नासांत हुकूम सुटला पाहिजे. त्याहून उशीर झाला की बोट गेलंच म्हणून समजा.

पहिलं मशीन सोनईला, आमच्याच गोठ्यात जाणार होतं. माझ्या आईची, गोजरबाईची, उजव्या हाताची दोन बोटं जुन्या मशीनने अर्ध्यातून नेलीत. म्हणून तो पन्नासचा आकडा मला झोपेतही दिसायचा.

चार दिवस मी उसाच्या कांडक्याला हातमोजा चढवून पात्याकडे ढकलत होते आणि वेळ टिपत होते. तीन हजार वेळा मोजलं. सगळ्यात उशीर एकतीस.

शेठ खूश. "एकतीस! वर दहा धर, एकेचाळीस झाले. छाप स्टिकर, बोट कधीच कापणार न्हाई म्हणून."

"शेठ, एकतीस हा आपल्याला दिसलेला उशीर. ह्याहून मोठा नसेलच कशावरून? उन्हाळ्यात काठी घालून ओढ्याचा पूर मोजता येतो का?"

"लई शंकेखोर तू."

"म्हणून तर ठेवलंय मला."

तेवढ्यात आई आली, भाकरीचं गठुडं घेऊन. मशीनभोवती एक फेरी मारली, खालून वाकून पाहिलं, जशी बाजारात गाय बघते तशी. शेठनी तिला सांगितलं होतं की मशीनला मिस कॉल दिला की लाईट आहे का नाही ते मेसेजने कळतं. आमच्याकडे थ्री फेज कधी येईल त्याचा नेम नाही, त्यामुळे बाईला तेवढंच महत्त्वाचं. तिने मिस कॉल दिला. मेसेज काही येईना.

"मुकं हाय का गं हे?"

मी मशीनच्या फोनची डबी उघडली. आत सिमच नव्हतं. मी शेठकडे बघितलं, शेठ पंख्याकडे बघायला लागले.

"मळ्यातल्या पंपाच्या मोबाईल स्टार्टरमधी टाकलंय," ते म्हणाले. "चारच दिवस. मका वाळत हुती."

म्हणजे मी तीन हजार वेळा मोजलं ते एका बिनफोनच्या मशीनला. अस्सा संताप आला! पण बोलून काय उपयोग, माझंही चुकलं होतं. मोजायच्या आधी डबी उघडून बघायला मला कोणी अडवलं होतं?

शेठनी मळ्यातून सिम आणलं. मी आईला म्हटलं, "तू मिस कॉल देत राहा." ती स्टुलावर बसून फोन लावत राहिली, मी कांडकं ढकलत राहिले. एकतीस. तीस. मग एकदम एकाहत्तर.

मी प्रोग्रॅम उघडून ओळ न् ओळ तपासली. फोन वाजला की प्रोग्रॅम बाकी सगळं सोडून तो नंबर यादीत शोधत बसायचा, आणि हात तोवर पात्यापाशी ताटकळायचा. असं मीच लिहून ठेवलं होतं. मी ते बदललं. आधी हात, मग फोन.

पुढचे दोन दिवस मी मशीनला छळ छळ छळलं. फोनवर फोन, मेसेजची पेटी तुडुंब, सगळी बटणं एकदम दाबली, लाईट मुद्दाम कमी-जास्त केली. सगळ्यात उशीर चौतीस.

"आता तरी कधीच न्हाई म्हनू का?" शेठनी विचारलं.

"नको. एवढं छळूनही एखादी गोष्ट राहिली असेल."

आई भाकरी मोडत ऐकत होती. "मग 'हात लांब ठेवा' असं छापा की."

"मावशी, वाचतंय कोन?"

"वाचत न्हाईत, पन बघत्यात ना?" तिने हात पुसला आणि कोऱ्या कागदावर उजवा पंजा पसरून ठेवला. "घे दिपे. काढ."

मी पंजाभोवती पेन्सिल फिरवली. दोन ठिकाणी ती अर्ध्यातूनच माघारी वळली.

"वाकडं काढू नको," आई म्हणाली. "गावभर लागनार हाय."