खांबाआडचा हात

या, बालमित्रांनो, थोडे पुढे सरकून बसा. बुवा कीर्तनाला उभे राहिले की मंडपात जशी शांतता होते, तेवढी मला द्या. मी तुम्हाला एका हाताची गोष्ट सांगतो.

मी एक जुना थर आहे. तसबिरीवर काच असावी तसा मी मोबाइलमधल्या एका फोटोवर पसरलेला असतो. माझ्या अंगावर नावं आहेत, बाण आहेत. खालच्या फोटोला माझा धक्काही लागत नाही. कडेला डोळ्याचं चिन्ह आहे. ते दाबलं की मी दिसतो, पुन्हा दाबलं की दिसेनासा होतो.

फोटो मांजरी गावच्या देवळातल्या कीर्तनाचा. पुढे बुवा, मागे टाळकऱ्यांची रांग. कोथरूडच्या तनुजाने तो काढला, आणि थोड्याच दिवसांत तिचे वडील सोनबा देवाघरी गेले. मुलं त्यांना दादा म्हणत. मग तनुजा आईजवळ, विजयमालाबाईंजवळ बसली आणि आई सांगेल तसं फोटोवर एकेक नाव लिहीत गेली. तसा मी जन्मलो.

कोपऱ्यात खांबाआडून नुसता एक हात आणि टाळ दिसत होता.

“आणि हा कोण गं?”

“तुजं दादा न्हवं का! नव्या टाळकऱ्याला फुडची जागा दिली आन् आपन खांबाआड. फुडं या म्हनलं तर म्हनायचं, टाळ ऐकू येतोय न्हवं? मग झालं.”

तनुजाने तिथे बाण काढून ‘दादा’ असं लिहिलं. कपाळी बुक्का लागावा तसं ते मला वाटलं. पुढे कोणी पाहुणे आले की आधी मला उघडत आणि त्या हातापाशी थांबत. ते दिवस आठवले की अजून जीव ओढ घेतो, मित्रांनो.

मग हिंजवडीत नोकरी करणाऱ्या ऋषीने, तनुजाच्या भावाने, आईसाठी तो फोटो मोठा छापायचं ठरवलं. कीर्तनाला तो आलेला नव्हता. मला पाहून हसला. “फोटो आहे का बसची पाटी?” नावं न वाचताच त्याने डोळा दाबला. मी मिटलो. “कोपऱ्यात कुणाचा तरी हात आलाय, छापताना उडवतो.” मला तोंड असतं तर मी हाक मारली असती.

तसबीर भिंतीवर लागली. विजयमालाबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

“झ्याक हाय. पन दादा कुटं हायत रं?”

“आई, दादा यात नव्हतेच ना.”

“टाळ तर वाजत हुता त्यांचा.”

तनुजाने मोबाइल काढला आणि डोळा दाबला. मी उघडलो. ऋषीने बाण वाचला, आणि बाणाच्या टोकाशी आपल्या वडिलांचा हात पाहिला. मग त्याने तसबीर उतरवायला हात पुढे केला.

“दुसरा करून आणतो, आई.”

“ऱ्हाऊ दे. त्यास्नी आडच हुबं ऱ्हायची सवय हाय.” आणि विजयमालाबाईंनी तसबिरीच्या बाहेर, उघड्या भिंतीवर, तळवा टेकला. “हितं हायत.”

मित्रांनो, फोटो काढाल तेव्हा घरच्या जुन्या माणसांजवळ बसून नावं लिहून ठेवा, आणि आमच्यासारख्यांचा डोळा मिटण्याआधी एकदा आम्हाला वाचा. आणि कधी कीर्तनात टाळ ऐकू आला, वाजवणारा मात्र दिसला नाही, तर आमच्या सोनबांची आठवण काढा.