नाकापेक्षा बंपर जड

मित्रांनो, मी एक बंपर आहे आणि तोही नकली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मागाहून कळलं की लोक नाक मुरडतात. अस्सल बंपर मोठ्या कारखान्यात यंत्रातून धडाधड बाहेर पडतात. माझा जन्म मात्र चाकणजवळ कुरुळीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका लहान गाडीची शर्यतीत शोभेल अशी ऐटबाज बहीण परदेशात विकली जाते. तिच्या बंपरवरून आमच्या शेठनं साचा काढून ठेवला होता. गाडी साधी आणि तोंड शर्यतीचं, अशी हौस असणाऱ्यांसाठी आम्ही भावंडं त्या साच्यातून एकामागून एक निघालो.

मला घडवलं कस्तुराबाईंनी. साच्याला आधी मेण चोळायचं, मग काचेच्या तंतूंची चटई अंथरायची, तिच्यावर ब्रशनं चिकट रेझीन थापायचं आणि आतली हवा दाबून दाबून बाहेर काढायची. त्या तंतूंनी अंगाला अशी खाज सुटते की काही विचारू नका. कस्तुराबाई कोपरापर्यंत हातमोजे घालून काम करायच्या आणि खाज आली की खांबाला पाठ घासायच्या. मी साच्यातून सुटता सुटेना तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या, "निघ की रे लेकरा, का आईचा पदर सोडवंना तुला?" मी टक्कन निघालो. लेकरू म्हणून मला कुणी हाक मारली ती एवढीच, म्हणून ती मी जपून ठेवली आहे.

पुढं उन्हाळाभर मी शेडच्या भिंतीला टेकून उभा होतो. मग एक दिवस दिग्विजय आला. चाकणच्या एका मोटार कंपनीत तो कामाला होता, आणि गंमत म्हणजे तिथं तो गाड्यांना बंपरच बसवायचा! शिफ्टभर अस्सल बंपर हाताळणारा माणूस माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "भावा, हा कसला भारी दिसतोय!" तेव्हा माझी छाती जी फुगली ती अजून पूर्ण उतरलेली नाही.

त्याला मी हवा होतो तो बायकोसाठी. त्याची बायको दिपाली चिंचवडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. ती नोकरी सोडून तिनं ताथवड्यात स्वतःचा क्लास काढायचं ठरवलं होतं, आणि तोही फक्त बायकांसाठी. परवाना मिळाला होता, जुनी लाल गाडी घेतली होती, शिकवणारीच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच बसवून झाले होते. फक्त गाडीचं तोंड आधीच्या मालकानं कुठं तरी आपटलेलं होतं. दिपालीला साधा, चालेल असा बंपर हवा होता. दिग्विजयचं म्हणणं पडलं, "गाडी रुबाबदार दिसली तर बायका आपणहून येतील." दिवाळीपर्यंत क्लास चालला नाही तर गाडी विकायची आणि जुन्या नोकरीवर परत जायचं, असं दिपालीनं घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. म्हणजे मित्रांनो, माझ्यावर केवढी जबाबदारी आली बघा.

आता दिग्विजयची फजिती ऐका. कंपनीत त्याच्या हाती येणारा बंपर रंगवूनच आलेला असतो. लाइनवर गाडी पुढं सरकते, दोन्ही अंगांनी दाबलं की 'कट' आवाज होतो, आणि बंपर बसतो. त्याच सवयीनं त्यानं मला आधी रंगवून आणलं. आरशासारखा चकचकीत लाल! मग पोत्यात गुंडाळून, नवरीला आणावं तसा मला सोपानरावांच्या गॅरेजात आणला. सोपानराव म्हणजे डेंटिंगच्या, चेपलेला पत्रा सरळ करायच्या कामात केस पांढरे झालेले गृहस्थ. त्यांनी पोतं बाजूला केलं आणि कपाळाला हात लावला.

"राव, रंगवायच्या आधी एकदा बसवून बघितला का?"

"त्यात काय बघायचं? बंपर आहे, बसणार."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," सोपानराव पुटपुटले, आणि दोघांनी मला गाडीला लावला.

मी कसला बसतोय! डावीकडं दिव्याखाली बोट आत जाईल एवढी फट, उजवीकडं मी पत्र्यावर चढून बसलेलो. दिग्विजयनं कंपनीतल्यासारखं दोन्ही अंगांनी दाबून पाहिलं. 'कट' काही वाजलं नाही. माझा तरी काय दोष? उन्हाळाभर भिंतीला टेकून उभं राहिल्यावर कोणाचीही कंबर जराशी वाकायचीच.

"कंपनीत बंपर गाडीला बसतो," सोपानराव हसत म्हणाले, "इथं दोघांची समजूत घालावी लागती. धरा त्या बाजूनं."

मग समजूत सुरू झाली. इकडून घास, तिकडं पट्टी लाव, पुन्हा लावून बघ, पुन्हा काढ. दिग्विजयनं सुट्टीचा सगळा दिवस मला खांद्यावर पेलला. त्या चकचकीत रंगाची पार लाल पूड झाली आणि ती दोघांच्या भुवयांवर जाऊन बसली. संध्याकाळी चहा घेऊन आलेल्या हॉटेलवाल्यानं दोघांना विचारलं, "काय, आजच शिमगा का?" पण शेवटी मी बसलो. फट अशी सारखी झाली की सोपानरावांनी तिच्यावरून नख फिरवलं आणि नुसती मान डोलावली. नंतर पुन्हा रंग चढला, आणि आधीपेक्षा झकास चढला.

दिपालीनं मला पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "अहो, मला शिकवायची गाडी हवी होती, नवरदेवाची नाही. नाकापेक्षा मोती जड झालाय हा!"

मला राग आला. पण दिवसभर राबून आलेल्या नवऱ्याचं लाल तोंड बघून ती हसायला लागली, तेव्हा मीही सोडून दिलं.

खरी पंचाईत पुढंच होती. दिपालीनं सोसायटीतल्या बायकांना एक चक्कर मारून बघायला बोलावलं. बायका आल्या, खूप आल्या. माझ्याशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढले. हिंजवडीत नोकरी करणारी अंजली रोज कंपनीच्या कॅबनं जायची. तिला गाडी शिकायची फार हौस. तिनं माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं. "दिपालीताई, किती सुंदर गाडी! मी बसले आणि कुठं घासली तर? आधी दुसरं कुणी शिकू दे." दुसरीनं तिसरीवर ढकललं, तिसरीला एकाएकी कुकरवरच्या डाळीची आठवण झाली. चालकाच्या जागेवर एकीनंही बूड टेकवलं नाही.

आणि बाहेरच्यांचं कशाला, घरातल्याच बाईची तीच गत. दिपालीची सासू सुभद्राबाई. दिपालीनं त्यांचं शिकाऊ लायसन्स काढून दिलं होतं, पण त्या गाडीकडं लांबूनच बघायच्या. "नको गं बाई. लाखमोलाची वस्तू, माझ्या हातनं काय झालं म्हंजी?" त्यांचे यजमान दौलतराव. मराठवाड्यातल्या भूमकडून या भागात आलेले, आणि उभी हयात चाकण ते भोसरी टेम्पो चालवलेले. ते म्हणायचे, "तिला काय जमायलंय? शेजारी बसून डुलक्या घ्यायची नुसती."

रोज सकाळी दिपाली मला पुसायची. पुसता पुसता तिचा हात मध्येच थांबायचा. मला चमकायचा एवढा अभिमान, आणि माझ्या चमकण्यापायीच तिच्या गाडीत कुणी बसत नव्हतं. अशा वेळी बंपरनं काय करावं? मला थोडं मळकं होता आलं असतं तर मी झालो असतो.

असा दसरा उजाडला. त्या दिवशी तर दिपालीनं क्लासचा मुहूर्तच ठेवला होता. सोसायटीमागच्या मोकळ्या मैदानात गाडी उभी केली, मला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. बायका जमल्या. सुभद्राबाईंनी आरतीचं ताट धरलं. आणि नारळ फोडायचा मान अर्थातच दौलतरावांचा.

मित्रांनो, हा माणूस दर दसऱ्याला आपल्या टेम्पोच्या लोखंडी बंपरवर नारळ फोडत आला होता. एक दणका, दोन शकलं, पाणी थेट चाकावर. सगळ्या ट्रान्सपोर्टमध्ये त्यांच्या दणक्याची तारीफ व्हायची. गेल्या वर्षापर्यंत टेम्पो होता. डोळे अधू झाले म्हणून तो विकून टाकला, आणि तेव्हापासून त्यांना कुणी कसला मान दिला नव्हता. त्यांनी टोपी सारखी केली, नारळ कपाळाला लावला आणि हात वर नेला.

दिग्विजय ओरडला, "बाबा, तिथं नको—"

खाड!

नारळ अख्खा राहिला. मी फुटलो.

नाकापासून दिव्यापर्यंत तडा गेला. रंगाची एक ढलपी उडून सुभद्राबाईंच्या ताटात पडली. दिग्विजयच्या तोंडून निघालं, "बाबा, फायबर आहे ते! लोखंड नाही!" दौलतराव हातातल्या नारळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चुकलं गं पोरी. सवयीनं हात गेला."

दिपाली दोन पावलं पुढं आली. मला वाटलं, आता ती माझ्यापाशी बसेल, माझ्या तड्यावरून हात फिरवेल. पण तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती सासऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. मला भयंकर राग आला. फुटलो मी, आणि ही बघते कुणाकडं? मग मीही तिकडं पाहिलं. म्हाताऱ्याचा खालचा ओठ थरथरत होता, आणि नारळ कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

दिपालीनं तो नारळ अलगद काढून घेतला. "बाबा, हाताला नाही ना लागलं?"

"न्हाई," ते म्हणाले, "पर तुझा मुहूर्त..."

तेवढ्यात खुदकन आवाज आला. सुभद्राबाई हसत होत्या. आधी पदरात, मग ताट हलायला लागेपर्यंत. "नारळ शाबूत आन् गाडी फुटली! काय हो, कंच्या गिरणीचं पीठ खाताव?" अंजलीनं तोंडावर हात धरला, पण हसू कुठं थांबतंय! बघता बघता सगळं मैदान हसायला लागलं. दौलतरावांच्याही मिशा हलल्या.

हसता हसता सुभद्राबाई एकदम थांबल्या. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, हाताच्या बोटानं तडा चाचपला. मग आरतीचं ताट दौलतरावांच्या हातात दिलं.

"धरा. आता हिला भ्यायचं काय राहिलं? फोडायची ती तुमी फोडलीच की." आणि पदर खोचून त्या चालकाच्या जागेवर जाऊन बसल्या.

दिपाली धावतच शेजारी बसली. "आई, क्लच दाबा. आता हळूच सोडा. हळू." गाडी एक हिसका देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. दौलतराव ताट धरून माझ्यासमोरून बाजूला सरकले. तिसऱ्या खेपेला गाडी सरकली, चाकाखाली लिंबू पचकन फुटलं, आणि आमची स्वारी मैदानात निघाली! बैलगाडीच्या चालीनं का होईना, पण निघाली. झेंडूचा हार माझ्या अंगावर हेलकावे खात होता, तडा करकरत होता, आणि मला इतका आनंद झाला होता की दुखतंय हे आठवायलाही सवड नव्हती.

फेरी संपवून गाडी थांबली तेव्हा दाराशी अंजली उभी होती. "आता माझा नंबर." तिच्या मागं आणखी दोघी वाद घालत होत्या. दौलतरावांनी नारळ मैदानातल्या एका दगडावर फोडला. एकाच दणक्यात!

पुढं सोपानरावांनी आतून फायबरची चटई लावून मला भक्कम केलं. दिग्विजय वरून पुट्टी भरून पुन्हा रंगवायला निघाला होता. दिपालीनं त्याला अडवलं. "रेघ राहू द्या. ती बघूनच बायका बसतात." दिवाळी आली आणि गेली, गाडी विकायचं नाव कुणी काढलं नाही. सकाळच्या वेळा भरल्या, संध्याकाळच्याही भरल्या. नव्या बायकांना दिपाली सगळ्यात आधी मलाच दाखवते आणि म्हणते, "हे बघा, पहिलं नुकसान आमच्या घरच्यांनीच केलंय. तुम्ही निर्धास्त बसा."

परवा सुभद्राबाई पक्कं लायसन्स बटव्यात घालून चाकणच्या बाजारात कांदे आणायला निघाल्या. शेजारी दौलतराव. स्पीडब्रेकर आला तसे ते ओरडले, "हळू गं, बंपर घासंल!" सुभद्राबाईंनी गाडी तिरकी घेतली, मला धक्काही लागू दिला नाही, आणि म्हणाल्या, "डुलकी घ्या तुमी."

मित्रांनो, वस्तू जपाव्यात हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मीही सांगतो. मला धुताना घासणी वापरू नका, खड्डा दिसला तर वेग कमी करा, आणि देवाशपथ सांगतो, नारळ दगडावर फोडा. पण कितीही जपलं तरी एक दिवस तुमच्या घरातल्या नव्या वस्तूला पहिला तडा जाईलच. त्या दिवशी वस्तूकडं मागाहून बघा. आधी ज्याच्या हातून ती फुटली त्याच्या तोंडाकडं बघा. आम्हाला चटई लावून सांधता येतं. तिथं गेलेला तडा सांधणारे सोपानराव अजून कुठल्या गॅरेजात भेटलेले नाहीत.