नाकाखाली धरलेला आरसा

एक विचारू? जो उठता-बसता तुमची वाहवा करतो त्याच्यावर भरवसा ठेवाल, की जो तोंडावर खरं सांगतो त्याच्यावर? घाई नाही. आधी माझं ऐकून घ्या.

मी टोप्यांच्या दुकानातला हातआरसा बोलतोय. टोपी मागून कशी दिसते ते गिऱ्हाइकाला दाखवायचं, हा माझा धंदा. कितीतरी टकलं पाहिली, पण कुठे वाच्यता केली नाही. म्हणून मालकांचा माझ्यावर जीव. गल्ल्याशेजारी मखमलीच्या तुकड्यावर माझी बैठक असे.

पुढे मालकांच्या मुलानं पोर्तुगीज बोलणारी मुलगी पसंत केली. सून घरात रुळली, मराठीही झकास बोलू लागली. तिची आई मात्र लग्नाला येऊ शकली नव्हती. परक्या घरात लेकीचं कसं होईल या काळजीनं ती फोनवर सारखं तेच तेच विचारायची. आता ती पहिल्यांदाच येणार होती. मालकांनी मनाशी ठरवलं, विहीणबाईंना त्यांच्याच भाषेत एवढं तरी सांगायचं: तुमची मुलगी माझीही मुलगी आहे.

झालं. माझ्या मखमलीवर भाषा शिकवणारा मोबाइल विराजमान झाला आणि मी गेलो फडताळात, रिबिनींच्या मागे. तो गोड गळ्यानं तेच वाक्य पोर्तुगीजमध्ये म्हणे, "आ सूआ फील्या ए मीन्या फील्या तांबेंय." मालक त्याला शर्टाच्या टोकानं पुसत. मला आयुष्यभर जुनं फडकं. जळणार नाही तर काय करणार?

मालक 'ए' हटकून शेवटी टाकायचे. "'ए' म्हणजे 'आहे' ना? मग ते शेवटीच नको का?"

सून हसली. "बाबा, तुमचं 'आहे' सगळ्यांच्या मागून येतं. आमचं मध्येच घुसतं."

"आणि हे 'मीन्या'?"

"माझी. मुलगा असता तर 'मेऊ'. तुम्ही नाही का माझा, माझी म्हणत?"

एवढं जमलं. गाडी अडली शेवटच्या शब्दावर. त्याचा अर्थ 'सुद्धा', म्हणजे सगळा जीव त्यातच. मालक तो असा म्हणत, जणू तांब्याची भांडी विकायला निघालेत. आणि मोबाइल दर वेळी म्हणे, "छान! खूप छान!"

मालकीणबाई आतून म्हणाल्या, "इतका गोड आवाज काढून माझ्याशी कधी बोलला नाहीत."

शेवटी सून म्हणाली, "बाबा, हा काहीही गोड मानून घेतो. आपला आरसा कुठाय?" तिनं मला मालकांच्या नाकाखाली आडवं धरलं. "आता म्हणा. शेवट नाकातून यायला हवा. म्हणता म्हणता काच धुरकटली तर खरं."

मालकांनी म्हटलं. मी कोरडा ठणठणीत. परत म्हटलं, तरी तसाच. खरं सांगतो, मखमलीच्या मोहानं खोटं धुरकटावंसं वाटलं, पण काचेला ते जमत नाही. मालक कपाळ पुसत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आणि मग माझ्या अंगावर पातळशी वाफ उतरली.

"आलं," सून हळूच म्हणाली.

विहीणबाई दुकानाच्या दारात आल्या, तेव्हा मालकांनी खिशातला मोबाइल काढला नाही. वाक्य म्हटलं. 'ए' मध्ये, शेवट नाकातून. बाईंनी मालकांचा हात दोन्ही हातांत धरला. मग सुनेनं हसत त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि मला त्यांच्या हाती दिलं. त्यांनी टोपीकडे पाहिलंच नाही. मला तोंडाजवळ धरून तो शेवटचा शब्द स्वतःशीच पुटपुटल्या. पुन्हा वाफ.

दुसऱ्या दिवशी मालक गिऱ्हाइकाला काय सांगत होते? "अहो, हे सगळं या मोबाइलनं शिकवलं." मखमलीवर तोच. मी रिबिनींच्या मागे.

आवाज त्याचा होता, मान्य. जे त्याचं ते त्याला खुशाल द्या. पण तुम्ही व्यवहारी माणसं आहात. हिशेब लिहाल तो सचोटीनं लिहा, आणि त्या दोन वाफा तेवढ्या माझ्या नावावर जमा करा.